शेवटून दुसरी कोण

प्रभाकर सर वारल्याचं कळलं त्या दिवशी मी पुरण घातलं. सण नव्हता, कुणी पाहुणा यायचा नव्हता. सुनेनं विचारलं, "आई, आज काय विशेष?" मी म्हटलं, "हरभऱ्याची डाळ लई दिवस पडून होती." डाळ पडून होती हे खरंच होतं. पण ती आणखी महिनाभर पडून राहिली असती तरी चाललं असतं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून मी कुणापाशी काही बोलले नाही. पोटभर जेवले, दुपारी गाढ झोपले आणि संध्याकाळी हे लिहायला बसले. बोलू नये एवढंच सांगितलंय, लिहू नये असं कुणी सांगितलेलं नाही.

आम्ही औशाचे. बाजाराच्या मागच्या गल्लीत पुढं अप्पांचं दुकान आणि मागं घर. दुकानात कासरे, दावी, वेसणी, सुतळीचे गुंडे आणि वर आढ्याला टांगलेल्या बैलांच्या घुंगरमाळा. त्या दोन-तीन वर्षांत पाऊस असा रुसला होता की गावोगावची जनावरं बाजारात येऊन उभी राहायची, आणि ज्याच्या दावणीला बैलच उरला नाही तो घुंगरमाळ कशाला घेईल? माळा नुसत्या टांगलेल्या असायच्या आणि दुपारचं गरम वारं सुटलं की आपोआप वाजायच्या. अव्वाला, म्हणजे आईला, तो आवाज सोसायचा नाही. ती आतून ओरडायची, "अहो, काढा की ते खाली, घरात लगीन असल्यावानी वाजून राहिलंय." अप्पा काही काढायचे नाहीत. सकाळी अंघोळ म्हणजे तांब्याभर पाण्यात ओला केलेला पंचा. पण कपाळाला विभूती लावून लिंगपूजेला बसणं त्यांनी एक दिवस चुकवलं नाही. त्यांचं पुटपुटणं आणि अव्वाच्या भाकरीची थापथाप एकाच वेळी चालायची, आणि आम्हा बहिणींना त्या दोन आवाजांनीच जाग यायची. भाजीपाला दिसेनासा झाला होता. भाजलेल्या धान्या-मसाल्यांचं येसर अव्वा उकळत्या पाण्यात सोडायची, ती आमटी, भाकरी आणि कारळाची चटणी. आजही माझ्या घरी येसर असतं, पण ते मी डब्याच्या तळाशी ठेवते. वास आला की सगळं आठवतं, आणि सगळं आठवलं की मला राग येतो. या वयात राग बरा नाही असं डॉक्टर म्हणतात.

त्याच सुमारास लातूर जिल्हा झाला. तोवर आम्ही उस्मानाबादचे होतो. एका कागदासाठी दिवस मोडायचा. आता लातूरला कलेक्टर बसणार, कचेऱ्या उघडणार, कारकून लागणार, असं ज्याच्या त्याच्या तोंडी. शेतात काही नव्हतं, आडात पाणी नव्हतं, तेव्हा सगळ्या तरण्या पोरांचे डोळे त्या भरतीला लागले. परीक्षेत गणित आणि मराठी होतंच, पण सगळ्यांना धडकी भरायची ती 'बुद्धिमत्ते'ची. किल्ल्याच्या भिंतीच्या सावलीत पोरं बसून घोकायची: रमेश उत्तरेकडे निघाला, उजवीकडे वळला, पुन्हा उजवीकडे वळला, आता त्याचं तोंड कोणत्या दिशेला? फोटोतल्या बाईकडे बोट दाखवून सुरेश म्हणाला, ही माझ्या आईच्या एकुलत्या एका मुलाची बायको; तर ती त्याची कोण? अप्पा हे ऐकून हसायचे. "आपल्याच बायकूला वळखाया एवढा येळ लागतो तर ह्यो सुऱ्या कचेरीत काय करंल?"

माझी थोरली बहीण गंगा, मी तिला अक्का म्हणायची. कन्नडचं वारं आमच्या घरात तेवढं होतंच. बारीक अंगाची, सावळी, बी. ए. झालेली. विचार करताना एक डोळा बारीक करायची आणि तोंडात शेंगदाणा ठेवून तो चावायचा विसरून जायची. पाणी भरायचं काम आम्हा दोघींकडे होतं. गल्लीच्या टोकाच्या आडाला तळातून पाणी झिरपायचं. घागरभर साचायला इतका वेळ लागायचा की बायका रांगेत घागरी ठेवून मांडी घालून बसायच्या. तिथं कोण कुणाच्या पुढं, कोण मागं, कुणाची घागर कुणी सरकवली, यावरून रोज भांडण. मी त्या भांडणात तोंड घालायची. अक्का नुसती बघत बसायची आणि घरी येताना म्हणायची, "सुमे, ऐक. पाच बायका पाण्याच्या रांगेत उभ्या आहेत. पारू सर्वांत शेवटी आहे. शेवंता हलीमाच्या लगेच पुढे आहे. तारा शेवंताच्या पुढे कुठंतरी आहे. गोदा आणि हलीमा शेजारी उभ्या नाहीत. तर शेवटून दुसरी कोण?"

मी डोक्यावरच्या घागरीसकट थांबायची. उत्तर हलीमा. तारा आणि गोदा यांतली पहिली कोण हे कळत नाही, पण ते कुणी विचारलेलंच नाही. अक्काची गंमत त्यातच होती. जे माहीत नाही त्याला हात न लावता जे माहीत आहे त्यावरून कसं पोचायचं, हे तिला फार सुंदर जमायचं. गल्लीतली प्रत्येक बाई तिच्या कोड्यात होती. शेवंताची सासू, तारामावशीच्या नणंदा, पारूचं शेण आणायला डावीकडं-उजवीकडं जाणं, सगळं. आणि गोदाकाकू-हलीमाबी शेजारी का उभ्या राहत नाहीत हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

प्रभाकर सरांचा क्लास लातूरला, गंजगोलाईजवळ कापडाच्या दुकानाच्या माडीवर. उंच, गोरे, इस्त्रीचा बुशशर्ट, पुणेरी बोलणं. आमच्याकडच्या पोरांचं "हाय, न्हाई" ऐकलं की कपाळाला आठी घालायचे. अक्का रोज औशाहून बसनं जायची. पहिल्याच आठवड्यात तिनं फळ्यावरचं कोडं सर लिहून संपवायच्या आत सोडवलं. सरांनी तिला थांबवून घेतलं. "असे प्रश्न तू स्वतः तयार करू शकशील?" हिनं तिथंच उभ्या उभ्या तीन सांगितले. तेव्हापासून ती शिकायची कमी आणि लिहायची जास्त. सराव परीक्षेचे प्रश्न ती काढायची, उत्तरं ती काढायची, मुलींच्या तुकडीला समजावूनही तीच सांगायची. सर म्हणायचे, "गंगा, आपण गाईड काढतोय. त्यावर माझ्या नावाखाली तुझं नाव." अक्कानं ते घरी सांगितलं तेव्हा अप्पांनी दुकानातल्या गिऱ्हाइकालाही सांगितलं.

गाईड निघालं. वर एकच नाव होतं. आत प्रस्तावनेत लिहिलं होतं, 'यातील आणि माझ्या क्लासमधील प्रत्येक प्रश्न मी स्वतः रचतो.' अक्कानं ते वाचलं. हातात पुस्तक धरून दुकानाच्या पायरीवर बसली. अप्पा म्हणाले, "जाऊ दे पोरी. परीक्षेत तर तुझंच हाय ना सगळं?" ती हसली. तेवढ्यावर ते संपलं असतं तर मीही विसरले असते. पुस्तकावर नाव नाही म्हणून कुणी आयुष्यभर जळत बसत नाही.

परीक्षेच्या दिवशी अक्का बसमधून उतरली ती पळतच. "सुमे, आपल्या गल्लीतल्या बायका पेपरात आल्या! हलीमाबी, गोदाकाकू, सगळ्या! शब्दाला शब्द!" आनंदाच्या भरात तिला वाटलं, कुणा पेपर काढणाऱ्यानं बाजारातून गाईड घेऊन त्यातले उचलले असतील. मी गोदाकाकूला जाऊन सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "सरकारी पेपरात माझं नाव? आन् त्या हलीमीचंबी?" त्यांना वाईट वाटलं ते हलीमाबींचंही नाव आल्याचं. पण पेपरात जे प्रश्न आले ते गाईडातले नव्हतेच. गाईड निघाल्यानंतर अक्कानं नवे लिहून दिले होते, ते आले. ते सरांशिवाय कुणाकडं नव्हते, म्हणजे पेपर काढणाऱ्याला ते सरांनीच पुरवले होते. आणि सरांनी परीक्षेआधी निवडक पोरांची एक खास बॅच घेतली होती, तिच्यात नेमके तेच घोकून घेतले होते. माझ्या कॉलेजातल्या एकीचा भाऊ त्या बॅचमध्ये होता. तिनं मला हे सांगितलं आणि लगेच म्हणाली, "माझं नाव कुठं घेऊ नको हं."

राहिलेल्या पोरांनी तक्रार केली. पेपर फुटला म्हणून बोंब झाली. सरांना विचारणा झाली, तेव्हा सर म्हणाले, "हे प्रश्न माझे नव्हेत. गंगा शिवलिंगप्पा, राहणार औसा, या मुलीनं ते क्लासमध्ये आणले. कुठून आणले, कुणाकडून आणले, ते तिलाच विचारावं. एकटी मुलगी, रोज लातूरला येत होती. मी काय सांगणार?" बघा. श्रेय द्यायच्या वेळी ज्याच्या तोंडातून तिचं नाव निघालं नाही, त्यानं आळ घालताना मात्र बापाच्या नावासकट, गावासकट घेतलं. आणि शेवटचं ते वाक्य. पेपर फोडल्याचा आळ माणूस एकवेळ सोसेल. पण "एकटी मुलगी, रोज येत होती" याचा अर्थ औशाच्या बाजारात कुणाला समजावून सांगावा लागला नाही. कुठल्या साहेबाशी तिचं नाव जोडावं एवढाच काय तो वाद राहिला.

अक्काचा निकाल रोखला गेला. उदगीरचं ठरत आलेलं स्थळ, घरचं कापडदुकान, चांगली माणसं. त्यांनी सांगून पाठवलं की मुलाच्या आजीला बरं नाही, सध्या राहू द्या. अप्पा दुकानात भिंतीकडं तोंड करून बसू लागले. अव्वा अक्काला पाण्याला पाठवेना. आणि पावसाळ्याच्या तोंडाशी, कोरड्या ढगांखाली, घरच्या घरी अक्काचं लग्न लागलं. मुलगा नांदेडकडचा, उमरीचा, तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम, नाव मल्लिकार्जुन. आमची बातमी तिथवर पोचली नव्हती, हीच त्या स्थळाची मोठी जमेची बाजू. माणूस मात्र सोन्यासारखा निघाला, पण ते नशीब. अप्पांनी ते बघून दिलं नव्हतं. जाताना मी अक्काला म्हटलं, "एक कोडं सांग की." ती म्हणाली, "आता न्हाई सुचत." शेंगदाणे मी तिच्या पिशवीत टाकले होते. ते तिनं बसमध्ये शेजारच्या बाईच्या लेकराला देऊन टाकले.

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. लोक सांगतात, रागानं माणूस आंधळा होतो. माझं उलट झालं. मला इतकं स्पष्ट त्याआधी कधी दिसलं नव्हतं आणि नंतरही नाही. मी भाकरी थापताना, बसमध्ये, वर्गात, एकच धरून बसले होते: हा माणूस दोन गोष्टी बोलला आहे आणि त्या दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. तेवढ्यात लातूरहून अक्काच्या नावानं बोलावणं आलं, चौकशीला हजर राहावे म्हणून. अप्पांनी ते वाचून भिंतीतल्या देवळीत ठेवलं. "कुणी जायचं न्हाई. गंगाला कळवायचं न्हाई. तिचा संसार लागलाय, त्याला चूड लावायची हाय का?"

मी हलीमाबींकडं गेले. त्यांचं मणियारांचं घर, पिढ्यान्‌पिढ्या गल्लीत. आम्हा दोघींच्या हातात पहिल्या बांगड्या त्यांनीच भरलेल्या. सगळं ऐकून घेतलं आणि बांगड्यांचा हारा झाकत म्हणाल्या, "आपली गंगा चोर? मी येते गं. कुठं यायचं, त्ये सांग." शेवंता, तारामावशी, पारू तयार झाल्या. अडलं ते गोदाकाकूंपाशी. "ती येणार आसंल तर मी न्हाई येणार."

"काकू, तुम्ही नाही आलात तर कोडंच सुटत नाही," मी म्हटलं.

"आन् मी बसमंदी तिच्याजवळ बसणार न्हाई."

"नकाच बसू. तेच तर पाहिजे."

अप्पा सकाळी पूजेला बसले तेव्हा आम्ही सहाजणी मागच्या दारानं निघालो. हलीमाबी ड्रायव्हरच्या मागं आणि गोदाकाकू एकदम शेवटच्या बाकावर, असा आमचा मोर्चा लातूरला पोचला.

नवी कचेरी म्हणजे भाड्याच्या इमारतीतल्या खोल्या. भिंतींना चुन्याचा ताजा वास, पंखा टांगलेला पण वीज नाही, कोपऱ्यात सुरई. चौकशीचे साहेब मध्यमवयीन, थकलेले. प्रभाकर सर आधीच येऊन खुर्चीवर बसले होते, पायावर पाय टाकून. मला ते ओळखत नव्हते.

"गंगा शिवलिंगप्पा कोण?" साहेबांनी विचारलं.

"माझी बहीण, साहेब. तिचं लग्न झालंय. तिच्या वतीनं मी आले."

"आणि ह्या सगळ्या?"

"ह्या पेपरातल्या बायका आहेत, साहेब. रांगेच्या प्रश्नातल्या."

सर हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी पेपर काढला, चष्मा लावला आणि प्रश्न मोठ्यानं वाचायला लागले. पारू म्हटलं की पारू मान हलवायची, शेवंता म्हटलं की शेवंता पदर सारखा करायची. 'गोदा आणि हलीमा शेजारी उभ्या नाहीत' इथं साहेब थांबले. सरांकडं बघून म्हणाले, "ही अट कशासाठी?"

"अशी अट घालावीच लागते," सर म्हणाले. "तार्किक सोयीसाठी. हा विषयाचा भाग आहे."

"कशाची सोय?" गोदाकाकू पुढं आल्या. "साहेब, हिच्या शेळीनं माझे वाळत घातलेले सांडगे खाल्ले. तवापासून मी हिच्या बाजूला हुबी राहत न्हाई. आख्ख्या गल्लीला म्हाईत हाय."

"दोन खाल्ले असतील," हलीमाबी म्हणाल्या.

"दोन? ताट चाटून पुसून ठिवलं की!"

दारातला शिपाई तोंडावर हात ठेवून वळला. साहेबांनीही रुमाल काढला. सर एकटेच हसत नव्हते. साहेबांनी पेपर खाली ठेवला आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर, शेवटून दुसरी कोण?"

सरांनी वर छताकडं बघितलं. बोटं हलली. "शेवंता... नाही. थांबा. तारा."

"मी हाय की, सर," हलीमाबी म्हणाल्या. अगदी मायेनं.

मग मी बोलले. घरी इतक्या वेळा मनात म्हटलं होतं की पाठ झालं होतं. "साहेब, सरांच्या गाईडात छापलंय की क्लासमधलाही प्रत्येक प्रश्न मी स्वतः रचतो. तुम्हाला मात्र सांगितलंय की प्रश्न माझ्या बहिणीनं आणले. प्रश्न सरांचे असतील तर माझ्या बहिणीनं काही आणलं नाही, आणि पेपरात ते सरांकडूनच गेले. प्रश्न बहिणीचे असतील तर ते आमच्या आडावरून आले, कुठल्या कचेरीतून नाही. आणि तिनं ते दिले फक्त सरांना. पेपरात मग गेले कुणाकडून? सरांनी कुठलंही एक निवडावं."

सरांच्या कानामागून घामाचा एक ओघळ निघाला आणि इस्त्रीच्या कॉलरमध्ये शिरला. मी तो शेवटपर्यंत बघितला. अजून दिसतो. साहेब म्हणाले, "सांगा सर. प्रश्न तुमचे की हिच्या बहिणीचे?" कॉलर सारखी करत सर म्हणाले, "संपादन माझं." साहेबांनी त्यांच्यापुढं कोरा कागद आणि पेन सरकवलं. आम्हाला म्हणाले, "तुम्ही सगळ्या जा. तुमच्या गंगावर माझ्याकडून काही येणार नाही." परतीच्या बसमध्ये गोदाकाकू पुन्हा शेवटच्या बाकावर बसल्या. शेळीचा विषय वेगळा होता.

अक्कावरचा ठपका निघाला, तसा कागदही आला. पण जागा भरल्या गेल्या होत्या, आणि सरांचं काय, तर वरिष्ठांकडे अहवाल गेला म्हणे. अहवाल वर गेला की तो वरच राहतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सरांचा क्लास चालूच होता. पोरं येतच होती, कारण दुसरीकडं जायला जागाच नव्हती. तरी मी खूश होते. मला वाटलं, मी काम फत्ते केलं. सणाचं निमित्त काढून मी उमरीला निघाले. नांदेडपर्यंत एसटी, पुढं रेल्वे. गाडीतून उतरले तर हवेत जिनिंगचा कापूस उडत होता, माणसांच्या भुवयांवर, झाडांवर. अक्का ओसरीवर बसून गवार मोडत होती. मी तिला सगळं सांगितलं, शेळी, सांडगे, सरांची बोटं, कानामागचा घाम. सांगताना मी हसत होते. तिचे हात चालूच होते. सांगून झाल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं.

"मला का न्हाई बोलावलं?"

"अप्पा म्हणाले—"

"अप्पांचं सोड. तू का न्हाई बोलावलं? नाव माझं गेलं. नौकरी माझी गेली. माझ्या मागं बाजारात हसले ते मला हसले. आन् त्याचं तोंड उतरलं ते बघायला तू? पारू? तारामावशी?" तिचा आवाज चढला नव्हता. मी तिला इतकी चिडलेली कधी पाहिली नव्हती. मला वाटत होतं की ती सोसून, विसरून गेली आहे. ती काही विसरली नव्हती. ती नुसती वाट बघत होती.

मल्लिकार्जुन दाजी दारात उभे होते, डोक्यावर कापूस घेऊन. त्यांना यातलं किती माहीत होतं कोण जाणे. त्यांनी चप्पल काढली, पाणी प्यायले आणि म्हणाले, "लातूरला जायला सकाळी गाडी हाय. मी बी येतो. रजा सांगून आलो की झालं." पुढं त्याच ओसरीवर अक्कानं उमरीच्या मुलींना शिकवायला सुरुवात केली, त्यातल्या किती जणी कचेरीतल्या खुर्चीवर बसल्या हे उमरीत कुणालाही विचारा. पण ते नंतरचं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही सरांच्या क्लासची माडी चढलो. दाजी खाली कापडाच्या दुकानापाशी थांबले. वर्ग गच्च भरलेला, खिडकीतही पोरं बसलेली. सर फळ्याकडं तोंड करून काही लिहीत होते. अक्का सरळ पुढं गेली. सर वळले, आणि या वेळी त्यांनी ओळखलं.

"पोरांनो," अक्का म्हणाली, "मी गंगा शिवलिंगप्पा. जिनं पेपरातले प्रश्न आणले म्हणतात ती मी. आज कुठून आणते ते दावते." आणि तिनं सरांच्या हातातून खडू काढून घेतला.

"बाहेर व्हा," सर म्हणाले. "हा माझा वर्ग आहे."

मागच्या बाकावरून एका मुलीचा आवाज आला, "शिकवू द्या की, सर."

मग अक्कानं पहिल्या बाकावरच्या पोराला विचारलं, "तुझं नाव काय? गाव?" तो जळकोटचा निघाला. त्याच्या शेजारचा कुठला, त्याच्या मागं बसलेली कुणाची कोण, खिडकीतला कुणासोबत येतो, कुणाशी बोलत नाही. विचारत गेली आणि बोलता बोलता त्याच पोरांचं कोडं फळ्यावर मांडत गेली. एक झालं की दुसरं. पोरं आपलीच नावं कोड्यात बघून आधी लाजली, मग सोडवायला लागली, मग आपसात भांडायला लागली. अक्काचा एक डोळा बारीक झाला होता. सर काही वेळ भिंतीला टेकून उभे राहिले. कुणीच त्यांच्याकडं बघत नव्हतं. मी बघत होते. मी त्यांच्यावरची नजर क्षणभर काढली नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. मग ते हळूच दाराबाहेर गेले.

अक्कानं ते पाहिलं. म्हणाली, "शेवटचं घ्या. या खोलीत शिकवणारे आहेत आणि शिकणारे आहेत. एक माणूस उठून बाहेर गेला. त्याला शिकवता येत न्हाई, आन् शिकायचं न्हाई. तर तो कोण?"

जळकोटचा पोरगा म्हणाला, "ताई, माहिती अपुरी हाय."

"न्हाई," अक्का म्हणाली. "माहिती पुरेशी हाय."

तिनं हातानं फळा पुसला, खडू चौकटीवर ठेवला, आणि आम्ही निघालो. मागं बाक सरकल्याचे आवाज आले. बरीचशी पोरं आमच्या मागोमाग उठली होती. त्या दिवसानंतर ती माडी रिकामीच झाली. जिना अरुंद होता. सर मधल्या पायरीवर बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. अक्का त्यांच्या वरच्या पायरीवर येऊन थांबली. वाट द्या म्हणाली नाही. नुसती उभी राहिली, आणि तिच्या मागं मी, आणि माझ्या मागं ती सगळी पोरं. शेवटी त्यांनीच वर न बघता भिंतीकडं अंग चोरलं, आणि आम्ही एकेक करून त्यांच्या बाजूनं खाली उतरलो.